नाखवा बाईंना दिलगिरी चालत नसे

नाखवा बाईंनी मला पहिला धक्का दिला तो मी शाळेत रुजू झालो त्याच आठवड्यात, आणि तोही सकाळच्या प्रार्थनेला, जेव्हा माणूस धक्का खायला अजिबात तयार नसतो.

शाळा कळव्याची, मराठी माध्यमाची. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी डोंबिवलीहून येऊन तिथे चित्रकला शिकवायला लागलो होतो. चित्रकलेचा मास्तर म्हणजे शाळेतला सगळ्यात निरुपद्रवी प्राणी. त्याच्या विषयात कुणी नापास होत नाही आणि त्याच्या तासाला कुणी घाबरत नाही. त्यामुळे त्याला इकडेतिकडे बघायला भरपूर वेळ मिळतो. मी आपला मागे उभा राहून बघत होतो. प्रार्थना झाली, सुविचार झाला, बातम्या झाल्या. मुलं वर्गाकडे वळणार तेवढ्यात इंग्रजीच्या बाई माइकपाशी गेल्या. उंच, सावळ्या, कडक खळ केलेली सुती साडी, अंबाड्यावर अबोलीची वेणी. माइक त्यांनी हाताने बाजूला सारला. त्यांच्या आवाजाला त्याची गरजच नव्हती.

"काल आठवी ब मध्ये मी संगीता भोईरला खोटारडी म्हटलं," त्या म्हणाल्या. "ती खरं बोलत होती. चूक माझी झाली. संगीता, मी तुझी माफी मागते."

आणि त्यांनी हात जोडले. आठवीतल्या पोरीपुढे!

मी हादरलोच. माझ्या अख्ख्या शाळकरी आयुष्यात एकाही मास्तराने माझी माफी मागितली नव्हती. खरं तर माझ्या घरातही कुणी कुणाची मागितली नव्हती. वडील चुकले की आईला म्हणायचे, "चहा टाक जरा." त्यावरून समजायचं ते समजायचं. संगीताला तर काय करावं तेच कळेना. तिने सगळ्या शाळेदेखत भोकाड पसरलं. शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी वातावरण तंग होतं. "उद्या पोरं आमच्याकडूनही माफीची अपेक्षा करायला लागतील," असं एक जण म्हणाले, आणि बाकीच्यांनी संकट दाराशी आल्यासारख्या माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशी संगीताचे आईवडील शाळेत हजर. दोघांचे चेहरे उतरलेले. आईने पिशवीतून नारळ काढून बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"बाई, असा नका करू," वडील म्हणाले. "गुरूनं हात जोरले त पोरीला पाप लागंल. आमी रातभर झोपलो नाय."

"पाप मी केलं होतं, ते मी फेडलं," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीला लागायला काही शिल्लकच नाही. आणि नारळ आणलाच आहे तर ठेवा."

त्या नारळाची बर्फी करून त्यांनी आठवी ब ला वाटली. मलाही एक वडी मिळाली. चांगली झाली होती.

बाई इंग्रजी शिकवायच्या ते जोड्यांनी. रोज फळ्यावर डाव्या बाजूला एक शब्द, उजव्या बाजूला दुसरा. दोघांचा अर्थ वरवर बघता सारखाच. "ह्या दोघी जावा आहेत," बाई सांगायच्या. "घर एक, पण चूल वेगळी. हिच्या चुलीवर तिचं भांडं चढवलं की भांडण." मग लुक आणि सी, हिअर आणि लिसन, होप आणि विश, अशा एकेक जावा फळ्यावर यायच्या आणि वर्गातली पोरं त्यांचे संसार मांडायची. एका रांगेने हिच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्या रांगेने तिच्या. आवाज असा व्हायचा की शेजारच्या वर्गात माझी पोरं फुलदाणी काढायची सोडून कान देऊन बसायची. कळवा, खारेगावकडची पोरं ती. घरात इंग्रजी औषधाला नाही. पण "आय सॉ" कुठे म्हणायचं आणि "आय लुक्ड" कुठे म्हणायचं, यावर मैदानात हमरीतुमरीवर यायची. मी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

सगळ्या जावांमध्ये बाईंची लाडकी जोडी एकच होती. रिग्रेट आणि अपॉलॉजी. नववीच्या प्रत्येक वर्गाला त्या ती शिकवायच्या आणि दर वर्षी मी माझा तास रिकामा असला तर खिडकीशी उभा राहून ऐकायचो.

"स्टेशनवर बाई काय सांगते? गाडी उशिराने धावते आहे, आम्ही दिलगीर आहोत. तिला वाईट वाटतं का? वाटत असेल. पण उशीर कुणामुळे झाला ते ती सांगते का?"

"नाय!" वर्ग गर्जायचा.

"हे रिग्रेट. वाईट वाटणं. ते कशाचंही वाटतं. पाऊस पडला नाही, आय रिग्रेट. शेजारी आजोबा वारले, आय रिग्रेट. त्यात माझा काय हात? काही नाही. तरी मी म्हणू शकते. आणि अपॉलॉजी? आजोबा वारले म्हणून मी अपॉलॉजी मागितली तर?"

"पोलीस येतील, बाई!"

"येतीलच. कारण अपॉलॉजी म्हणजे, हे मी केलं. रिग्रेट घरात बसून करता येतं. अपॉलॉजी पोचवावी लागते, जिथे अपराध केला तिथे जाऊन. आणि तिच्यात इफ चालत नाही. 'तुला लागलं असेल तर सॉरी' म्हणणाऱ्याला सांगायचं, लागलंय ते तू बघतोयस, मग तर कशाला?"

हे सगळं त्या काही उपदेश म्हणून सांगत नव्हत्या हो. त्यांच्या लेखी तो शब्दांचा अर्थ होता, आणि अर्थ म्हणजे अर्थ. चुकीचा अर्थ त्यांना अंगाला खाज सुटावी तसा सहन होत नसे. शाळेजवळच्या मिठाईवाल्याची पाटी त्यांनी खडूने दुरुस्त केली होती. माझ्या लग्नाची इंग्रजीत छापलेली पत्रिका द्यायला गेलो तर अभिनंदन करायच्या आधी त्यांनी पर्समधून पेन काढलं. "परब, हा शब्द बारशाला चालेल, लग्नाला नाही." पत्रिका छापून, वाटून झाल्या होत्या. माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "राहू दे. तुमची बायको मराठी माध्यमाची आहे ना?"

बाई ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या, हे मला फार उशिरा कळलं. आडनावावरून ओळखायला हवं होतं, पण त्यांचं बोलणं इतकं पुस्तकी, पुण्याचं वाटावं असं, की माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांची आई बाजारात मासे विकायची. मी मालवणकडचा, माशांवर जीव टाकणारा माणूस. आमच्या जेवणाच्या सुट्टीत माझा डबा उघडला की दोघेतिघे उठून खिडकीशी जात. बाईंच्या डब्यात मात्र नेहमी पोळी आणि भाजी. एकदा न राहवून मी विचारलं, "बाई, तुम्ही मासे खात नाही?"

"शाळेत नाही," त्या म्हणाल्या आणि डबा बंद केला. मी पुन्हा विचारलं नाही.

आमचे मुख्याध्यापक आठल्ये सर. कल्याणला राहायचे. शाळेची घंटा एक वेळ चुकेल, सर चुकायचे नाहीत. कडक, पण आतून वाईट नव्हे. गरीब मुलांना गणवेश मिळवून देण्यासाठी हा माणूस दुकानादुकानांतून हात पसरायचा. घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नसे. स्वतः इंग्रजीचे पदवीधर, त्यामुळे नाखवा बाईंचा त्यांना मनातून अभिमान. "कळव्यातली पोरं इंग्रजीत पास होतात ती त्या बाईमुळे," असं ते संस्थेच्या लोकांना सांगायचे. फक्त त्यांना गोंगाट खपत नसे.

एके दिवशी शाळेत तपासणीला साहेब आले होते. सर त्यांना वर्गावर्गांतून हिंडवत होते. मी शेजारच्या वर्गात होतो आणि दोन्ही वर्गांची दारं उघडी होती. नाखवा बाईंच्या नववीत जावांचं भांडण ऐन रंगात आलं होतं. दारात सर उभे राहिले. पोरांचं लक्षच नव्हतं. साहेबांच्या कपाळाला आठी पडली आणि सरांचा तोल गेला.

"हा वर्ग आहे की मासळीबाजार?" ते ओरडले. वर्ग गप्प झाला. तेवढ्यावर थांबते तर निभावलं असतं. पण ते पुढे म्हणाले, "नाखवा बाई, घरचं घरी ठेवून येत जा."

मला कुणीतरी कानाखाली द्यावी तसं झालं. खरं सांगायचं तर वर्गाचा मासळीबाजार झालाय, हे वाक्य आम्ही सगळेच मास्तर दिवसातून एकदा तरी म्हणायचो. त्यात कुणाचं काही ठरवलेलं नसे. फळा पुस, खिडकी लाव, तसंच ते. पण 'घरचं' या शब्दाने त्या वाक्याला एकदम पत्ता मिळाला. वर्गातली कोळीवाड्याची चार पोरं बाकाकडे बघत बसली. बाईंनी खडू उचलला, फळ्यावरची जोडी पूर्ण लिहिली आणि साहेबांना शांतपणे धडा समजावून दिला. साहेबांनी शेरा उत्तम दिला, हेही सांगितलं पाहिजे.

शाळा सुटल्यावर मी परीक्षेचे कागद द्यायला सरांच्या खोलीत होतो. बाई आल्या. खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत.

"सर, तुम्ही नववीच्या वर्गात बोललात. नववीच्या वर्गात येऊन अपॉलॉजी मागा."

"अहो बाई, ती बोलायची पद्धत आहे."

"मासळीबाजार ही पद्धत आहे. घरचं ही पद्धत नाही."

सरांचा चेहरा पडला. त्यांना चूक कळली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण मुख्याध्यापकाने पोरांसमोर माफी मागायची? त्यांच्या पिढीत हे कुणी ऐकलेलंच नव्हतं. शनिवारी शिक्षकांच्या बैठकीत ते घसा खाकरून म्हणाले, "परवा माझ्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. नाखवा बाई उभ्या राहिल्या.

"सर, यात 'तर' आहे. आणि हे रिग्रेट झालं. मी तुमच्याकडे अपॉलॉजी मागितली होती."

मुख्याध्यापकांना भर बैठकीत शब्दाचा अर्थ सांगणारी बाई! सर लालबुंद झाले. "माझ्याकडून विषय संपला," ते म्हणाले.

"बरं, सर," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

आता भांडण पेटणार, तक्रारी जाणार, युनियन येणार, असं आम्ही धरून चाललो. तसलं काहीही झालं नाही, आणि मला वाटतं तोच सगळ्यात मोठा धक्का होता. बाई रोज सकाळी सरांना नमस्कार करायच्या. सांगितलेलं काम चोख करायच्या. सरांची मुलगी आजारी होती तेव्हा तिच्या बारावीच्या इंग्रजीची तयारी बाईंनी घरी जाऊन करून घेतली, एक पैसा न घेता. फक्त सरांच्या खोलीत त्या बसायच्या नाहीत आणि तिथला चहा घ्यायच्या नाहीत. उभ्या राहून बोलायच्या आणि जायच्या. राग नाही, रुसवा नाही. येणं बाकी आहे आणि ते आलेलं नाही, एवढंच. असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. ती नववी दहावी होऊन पास झाली, पांगली. कुणी कॉलेजात, कुणी कारखान्यात, आणि बाई आपल्या उभ्याच.

मग पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली. सेवेने, कामाने, कशानेही बघितलं तरी ती नाखवा बाईंची होती. संस्थेने सरांचं मत मागवलं. सरांनी मला बोलावून घेतलं. अशा कामांना चित्रकलेचा मास्तर बरा पडतो.

"परब, तुम्ही बोला त्यांच्याशी. त्यांनी एकदा फक्त म्हणावं, झालं गेलं विसरले. पर्यवेक्षकाला दिवसातून दहा वेळा माझ्या खोलीत बसावं लागतं. ही उभी राहणार असेल तर मी कारभार कसा करू?"

मी बाईंना गाठलं. त्या वह्या तपासत होत्या. "बाई, एका शब्दासाठी एवढं कशाला? ती जागा तुमची आहे. पगार वाढेल. म्हणून टाका."

त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. "परब, त्या दिवशी वर्गात माझ्या गल्लीतली चार मुलं होती. संध्याकाळी मी घरी जाताना ती मला रस्त्यात दिसली आणि त्यांनी मान फिरवली. माझ्यावर रागावून नाही. माझ्याकडे बघायची त्यांना लाज वाटली. आता सांगा, मी काय विसरू?"

"घरी आईंना तरी कळलंय का हे?" मी विचारलं.

"आईला?" त्या एकदम दचकल्या. "आईला कळता कामा नये. तिला वाटतं, शाळेत मला सगळे डोक्यावर घेऊन नाचतात."

जागा दुसऱ्याला मिळाली, बाईंपेक्षा बऱ्याच मागून लागलेल्या माणसाला. राग सरांचा आला तितकाच बाईंचाही आला. एवढी मोठी बाई, आणि हट्ट केवढासा! असं मला तेव्हा वाटलं, आणि मी तसं चारचौघांत बोललोही. बाईंनी नव्या पर्यवेक्षकांचं अभिनंदन केलं आणि तास घ्यायला निघून गेल्या.

नव्वदीच्या सुरुवातीला आठल्ये सर निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ मोठा झाला. शाल, श्रीफळ, फुलं, भाषणं. मग नाखवा बाई बोलायला उठल्या. आज बाई हिशेब पुरा करणार, असं सगळ्यांच्याच तोंडावर दिसत होतं. बाई काय बोलल्या? सरांनी कुठल्या मुलाला कसे बूट मिळवून दिले, कुणाची फी कशी माफ करून आणली, वर्ग गळत होता तेव्हा संस्थेशी कसे भांडले. एकेक गोष्ट, नावानिशी. मला त्यातल्या निम्म्या माहीतच नव्हत्या. सभागृह गहिवरलं. एकही शब्द तिरका नाही. सर मान खाली घालून ऐकत होते.

मग सर उठले. शेवटी, सगळेच म्हणतात तसं, तेही म्हणाले, "इतक्या वर्षांत माझं काही चुकलंमाकलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा."

टाळ्या पडल्या. माझं लक्ष बाईंकडे होतं. त्याही टाळ्या वाजवत होत्या. सरांचं लक्षही तिकडेच होतं, आणि बोलता बोलता ते 'तर' या शब्दावर किंचित अडखळले होते. मला वाटलं, आता पुढे आणखी काही येईल. आलं नाही. ते खाली बसले आणि कुणीतरी आभार मानायला उठलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, डोंबिवलीत माझ्या दारावर थाप पडली. दारात आठल्ये सर! धोतर, कोट, हातात छत्री. बायकोने घाईघाईने तव्यावरचे बांगडे झाकले. सर बसले नाहीत.

"परब, तुम्ही मासे खाता. बाजार तुमच्या ओळखीचा असेल. मला ठाण्याच्या मासळीबाजारात घेऊन चला."

मला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी झालंय. "सर, तुम्ही? मासळीबाजारात?"

"नाखवा बाईंची आई तिथे बसते ना? मी फार विचार केला. बोललो तो वर्ग आता कुठे आहे? मुलं पांगली. शाळेत मी आता कुणी नाही. जिथे बोललो ती जागा राहिली नाही. ज्या जागेबद्दल बोललो ती आहे. चला."

बाजाराच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, नाकाला लावणार. त्यांनी तो नीट घडी करून परत खिशात ठेवला, धोतराचा सोगा उचलला आणि त्या ओल्या, खवल्यांनी चिकट झालेल्या फरशीवर पाय टाकला. मी पाठोपाठ.

बाईंची आई मला माहीत होती. मी तिच्याकडून कधीमधी पापलेट घेतलेले होते. ठेंगणी, ठसठशीत, कानात सोन्याच्या जड गाठी, हातावर हिरव्या बांगड्या. पण तिच्या शेजारी लुगड्यासारखी साडी खोचून, विळीसारख्या कोयत्यावर सुरमई कापत बसलेल्या बाईला मी ओळखलंच नाही. तिने मान वर केली. नाखवा बाई! रविवारी त्या आईच्या मदतीला बसत असतील, हे ना मला ठाऊक होतं, ना सरांना. तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"सर, इथे नको," त्या पुटपुटल्या. "सर, प्लीज."

पण सर ठरवून आले होते, आणि ठरवलेलं ते टाळत नसत. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, म्हातारीपुढे हात जोडले आणि शाळेच्या मैदानावर लावायचे तो आवाज लावला.

"बाई, मी तुमच्या मुलीचा मुख्याध्यापक होतो. तिच्या वर्गात, तिच्या विद्यार्थ्यांसमोर, मी मासळीबाजार हा शब्द शिवीसारखा वापरला. घरचं घरी ठेव, असं तिला म्हणालो. मी तुमचा आणि तुमच्या धंद्याचा अपमान केला. तो मीच केला. तिने तेव्हाच मला माफी मागायला सांगितलं होतं, मी मागितली नाही. मी तुमची माफी मागतो आणि तुमच्या मुलीची माफी मागतो."

आजूबाजूचे भाव थांबले. कोयते थांबले. दहा-बारा बायका माना वळवून बघत होत्या. मी छत्री धरून उभा होतो आणि माझे डोळे भरून आले होते. त्या वाक्यांत कुठेही 'तर' नव्हता.

म्हातारीने आधी सरांकडे बघितलं, मग लेकीकडे.

"कवा जाला ह्या?"

बाई पाटावरच्या सुरमईकडे बघायला लागल्या.

"तुला इचारतंय. कवा?"

"झाली वर्षं, आये."

"आनि मना सांगलास नाय?" म्हातारीचा आवाज चढला. आता ही सरांवर तुटून पडणार, म्हणून मी पुढे सरसावलो. पण म्हातारी सरांकडे बघतही नव्हती. "मना काय लाज हाय गो माझे धंद्याची? बाजार त बाजार, गोंधल व्हनारच. आनि ह्यो म्हातारा मानूस, तुजे बापसाचे वयाचा, मासली न खानारा, याला तू एवरी वर्सा टांगून ठेवलास? या चिखलान उभा केलास? उठ. माग त्याची माफी."

ज्या बाईने एका माफीसाठी बढती सोडली, तिलाच भर बाजारात माफी मागायला लावत होती तिची आई, आणि आपल्याच लेकीला इतकी वर्षं काय सोसावं लागलं याचा तिला पत्ता नव्हता. सर घाईने म्हणाले, "नाही हो, त्यांची काही चूक नाही."

"तुमी गप र्‍हावा, मास्तर. माग गो."

नाखवा बाई उठल्या. हात पाण्याच्या बादलीत बुडवले, साडीला पुसले. बाईंनी आईचा शब्द कधी खाली पडू दिला नसणार, हे त्या उभ्या राहिल्या त्यावरूनच कळत होतं. आणि जे केलं नाही त्याची माफी त्या मेल्या तरी मागणार नव्हत्या, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं होतं. त्यांनी सरांकडे सरळ पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं.

"आय रिग्रेट, सर," त्या म्हणाल्या. "आय डीपली रिग्रेट."

म्हणजे, झालं त्याचं मला फार वाईट वाटतं. तुम्हाला इथवर यावं लागलं, आईला हे असं कळलं, सगळ्याचंच वाईट वाटतं. अपराध मात्र माझा नाही. सर इंग्रजीचे पदवीधर. त्यांना अर्थ सांगायची गरज नव्हती. त्यांनी मान तुकवली.

म्हातारीला त्यातलं काही कळलं नाही. तिने सरांना विचारलं, "काय बोल्ली?"

सरांनी एकदा बाईंकडे पाहिलं. मग म्हणाले, "माफी मागितली तिने."

"हां," म्हातारी म्हणाली. "आता कसा!" आणि तिने गिऱ्हाइकाला हाक मारली.

मी बाईंकडे बघितलं. मिठाईवाल्याची पाटी ज्यांना बघवली नव्हती, माझी लग्नपत्रिका ज्यांनी सोडली नव्हती, त्यांच्या तोंडासमोर सरांनी धडधडीत चुकीचा अर्थ सांगितला होता. बाईंचे ओठ उघडले. आता त्या बोलणार, याची मला खात्री होती. त्यांनी सरांकडे पाहिलं, पाठमोऱ्या आईकडे पाहिलं. मग त्या खाली बसल्या, पाटावरची सुरमई पुढे ओढली आणि सरांना म्हणाल्या, "सर, फरशी निसरडी आहे. जपून जा."